वरच्या गटातले शनिवार

ऑक्टोबर लागला की आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण कुरकुरायला लागतो. काय ती उष्णता, काय ती चिकचिक, पंखा लावला तरी गरम हवाच फिरते. लिफ्टमध्ये पाय ठेवला की हेच ऐकायचं. मी आपली ‘हो ना’ म्हणून मान हलवते आणि मनातल्या मनात खूश असते. ऑक्टोबर म्हणजे मैदान वाळतं. गुडघाभर माजलेलं गवत कापलं जातं, रोलर फिरतो आणि खालचा लाल मुरूम पुन्हा दिसायला लागतो. आज सकाळी दूध आणायला उतरले, तर कोपऱ्यावरच्या क्लबच्या मैदानात दोघं जण सुतळी ताणून फक्की मारत होते. पांढरी रेघ सरळ निघाली आणि गोलसमोर येऊन छान अर्धगोल वळली. दुधाची पिशवी हातात धरून मी बघत उभी राहिले. शेजारच्या जोशीकाकू दोनदा हाक मारून गेल्या म्हणे, मला पत्ताच नाही.

आता मला त्या अर्धगोलाला डी म्हणतात हेही माहीत आहे आणि पेनल्टी कॉर्नर कशाला मिळतो तेही. एरवी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी बाई. हॉकीशी माझा काय संबंध? पण पोटची पोर गोलकीपर निघाली. बाकीच्या दहा जणी बॉलच्या मागे धावतात आणि हिच्या अंगावर बॉल धावून येतो, हे काय खेळणं झालं? पहिल्यांदा तिच्या मांडीवरचा काळानिळा डाग बघितला तेव्हा मी दिवसभर जेवले नव्हते. केतकी मात्र तो डाग मैत्रिणींना कौतुकाने दाखवत फिरत होती.

तर गेल्या वर्षी, याच दिवसांत, आमच्या टीमची, म्हणजे या क्लबच्या मुलींच्या टीमची, पार वाट लागली होती. मोठ्या मुलींपैकी दोघींची लग्नं झाली, एकीला नाशिकला नोकरी लागली. उरलेल्या चांगल्या चांगल्या पोरींना अंधेरीकडच्या एका क्लबने उचललं. तो क्लब वरच्या गटात खेळणारा. सरावाला टर्फ, नवेकोरे कपडे, आणि पुढेमागे स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळेल अशी आशा. त्यांनी केतकीलाही बोलावलं. शाळेपासून जिच्याबरोबर तिने डबा खाल्ला ती शीतल गेली. केतकी नाही म्हणाली.

‘वेडी आहेस का गं तू?’ मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. ‘तिकडे टर्फ आहे, उद्या नोकरीचं बघतील, आणि तू इथे मातीत लोळत बसणार?’

‘आई, सगळ्याच गेल्या तर इथे गोलात कोण उभं राहणार?’

‘राहील की कोणीतरी!’

‘कोण? तू राहतेस?’

मी पुन्हा लाटणं उचललं आणि पोळी लाटायला घेतली. शीतल मात्र तेव्हापासून आमच्या घरी यायची थांबली. भांडण असं काही झालं नाही. फोन आले नाहीत, इकडून गेले नाहीत. मला ते जास्त लागलं, कारण पोहे केले की अर्धे शीतलसाठी झाकून ठेवायची माझी सवय अजून गेली नव्हती.

त्यात क्लबची कमिटी टपून बसलेली. त्यांना मैदानाच्या त्या टोकाला जाळी लावून बॉक्स क्रिकेट सुरू करायचं होतं. आजकाल मुलुंडमध्ये जिकडे बघावं तिकडे दिवे लावून लोक बॉक्स क्रिकेटच खेळतात. त्यांनी टीमला शिकवणाऱ्या सरांना सरळ सांगून टाकलं, यंदा दुसऱ्या गटात तळाला राहिलात तर मुलींची टीम बंद. सर म्हणाले, ठीक आहे. ठीक आहे काय, डोंबल! टीम बंद झाली असती तर सर दुसरीकडे शिकवायला गेले असते, छोट्या पोरी क्लासला गेल्या असत्या. केतकी कुठे गेली असती? वरच्या क्लबला ती नाही म्हणून बसली होती आणि ते लोक काही परत हाका मारायला येणार नव्हते. ना इथली ना तिथली, अशी तिची गत होणार होती. गेला अख्खा सीझन मला ही एकच काळजी होती.

नवी टीम म्हणजे काय, तर अकरावी-बारावीच्या पोरी. एकीला ऊन लागायचं, एक ऐन हल्ल्यात केसांचा रबर शोधायची. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायटीत असतं ना, जुनी बिल्डिंग पाडून झालेली असते, नवीचा पाया खणलेला असतो, त्यात पाणी साचलेलं असतं, आणि बिल्डर सांगत असतो की इथे तुमचा बेडरूम येणार बघा. तसं आमचे सर सांगायचे. इथून पास येणार, इथून तन्वी आत घुसणार. तन्वी म्हणजे आमची फॉरवर्ड, एवढीशी, स्टिक तिच्यापेक्षा मोठी वाटायची. ती आत घुसायची, हे खरं. पण तिच्याकडे पास यायचा नाही.

दर रविवारी मी गोलच्या मागे, जाळीच्या बाहेर, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. नवऱ्याची रविवारीही ड्युटी, त्यामुळे मी आणि माझे सासरे. गोलच्या आतल्या बाजूला खाली लाकडी फळी असते. बॉल आत गेला की त्या फळीवर ठक्क करून आदळतो. पहिल्या रविवारी ते ठक्क इतक्यांदा ऐकलं की घरी येऊन कुकरचं झाकण बंद केलं तरी दचकले. केतकी आली, अंघोळ केली, दोनदा भात घेतला.

‘तुला काहीच वाटत नाही का गं?’

‘चिल कर ना आई. टीम बनतेय.’

बनतेय म्हणे! मी मनात गोल मोजत होते आणि ही लोणचं मागत होती.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे सासरे. मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत लागले आणि गिरणीच्याच टीमकडून हॉकी खेळले. गिरणी गेली, टीम गेली, आता दुखरे गुडघे तेवढे राहिलेत. पण जीभ शाबूत आहे. त्या आठवड्यात त्यांनी मला हळूच स्वयंपाकघरात गाठलं.

‘गो सुजाता, शनिवारी वरच्या गटाची मॅच आसा. अंधेरीक. जाऊया?’

‘कशाला? जिंकणाऱ्यांना बघून आणखी जीव जाळायला?’

‘जितणारे कोण बघता? आपली गेलेली चेडवां जंय खेळतत ना, ती टीम पण हरतासा. दुसऱ्याचां हरणां बघूया जरा. बरां वाटात.’

सासरा असं काही सुचवतो आणि सून तयार होते, हे लोकांना सांगायची सोय नाही. पण आम्ही गेलो. थर्मासमध्ये चहा, डब्यात चिवडा, पवईवरून बस. केतकीला कळलं तेव्हा ती खवळलीच. ‘किती वाईट आहात तुम्ही दोघं! लोक शनिवारी पिक्चरला जातात आणि तुम्ही कोणाचं तरी हरणं बघायला? घरी येऊन मला एक शब्द सांगायचा नाही. स्कोअरसुद्धा नाही.’ आम्ही दोघांनी शाळेतल्या पोरांसारख्या माना डोलावल्या आणि पुढच्या शनिवारी परत गेलो. मग ती रीतच पडली. शनिवार त्यांचा, रविवार आमचा.

काय सुंदर मैदान होतं ते! निळं गार टर्फ, त्यावर मॅचआधी पाण्याचे फवारे. आमच्याकडे बॉल ढेकळावर आपटून कुठेही उडतो, इथे रेघ मारल्यासारखा जायचा. पोरींच्या अंगावर एकसारखे कपडे, मोजेसुद्धा एका रंगाचे. आणि तरी हरायच्या. आमच्यासारखं ढिगाने नाही, एखाद्याच गोलने, पण हरायच्याच. त्या गटात आणखी एक टीम अशीच रखडत होती. तिचा कोच अर्ध्या सीझनमध्ये बदलला होता आणि पोरी अजून जुन्या कोचच्या नावाने बोटं मोडत होत्या. अप्पा दोन्ही टीम्स अगदी डॉक्टरसारखे तपासायचे. कोणाला काय झालंय, कोण वाचेल, कोण नाही.

‘बघलंस मा?’ एकदा ते म्हणाले. ‘आपली चेडवां हरतत ती धावान धावान हरतत. ही उभी रवान हरतत.’

आणि खरंच तसं होतं. चुकीचा पास गेला की त्या एकमेकींकडे हात करून उभ्या राहायच्या. मॅच संपली की जी ती आपल्या बॅगेकडे, आपल्या फोनकडे. आमच्या पोरी हरल्यावर आधी, एक केतकी सोडून, पाच मिनिटं रडायच्या, मग रिंगण करून बसायच्या, मग कोणीतरी काहीतरी बोलायचं आणि सगळ्या फिस्सकन हसायच्या. शीतल त्या निळ्या टर्फवर एका टोकाला उभी असायची. चांगली खेळायची, पण तिचा आवाज ऐकू यायचा नाही. आमच्या मैदानात तिचा आवाज सोसायटीच्या गच्चीपर्यंत यायचा.

तिथेच मला मंजुळाताई भेटल्या. खारदांड्याच्या कोळीण, सकाळी मासळी विकून दुपारी थेट मॅचला येणाऱ्या. केसात अबोली, शेजारी डबा. त्यांची मुलगी रेश्मा त्याच टीममध्ये होती, पण मैदानात नाही. बाकावर. दुसरी गोलकीपर म्हणून. केतकी नाही म्हणाली तेव्हा तिच्या जागी या मुलीला घेतलं होतं. हे मला बोलता बोलता कळलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मग मी दर शनिवारी मॅच सोडून त्या बाकाकडेच बघायला लागले. एवढ्या उन्हात पायाला जाड पॅड बांधून, छातीला गार्ड लावून, हेल्मेट मांडीवर घेऊन ती मुलगी बसलेली असायची. कधीही बोलावतील म्हणून तयार, आणि कोणी बोलावत नसे. पॅड अगदी स्वच्छ. आमच्या केतकीचे पॅड मी गच्चीवर ब्रशने घासायचे तरी लाल ते लालच.

मंजुळाताईंना मी एकदा बोलून गेले, ‘आमची टीम फार हरते हो. पोरीच्या जिवाला घोर लागून राहिलाय.’

त्या माझ्याकडे वळल्या. ‘कशाला रडतेस गो? तुझे पोरीला खेळायला मिलतंय ना? अंगाला माती लागतेय ना? माझी बघ. घरशी निघताना देवाला नमस्कार करते, आन् हितं येऊन बसते. संध्याकाली पॅड धुवायला काढते, मी सांगते, अगं धुवायचं काय त्याच्यात?’ एवढं बोलून त्यांनी डब्यातला तळलेला बोंबील माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागल्या.

परत येताना बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. त्या बाकावर माझी पोर बसली असती. मीच तर तिला तिकडे ढकलत होते, लाटणं हातात घेऊन! तेव्हा पहिल्यांदा जरा हायसं वाटलं. पण सोमवारी सकाळी तक्त्यात आमची टीम तळाला दिसली की ते हायसं वाटणं कुठल्या कुठे जायचं. वरच्या गटात रखडणाऱ्या टीमला पुढच्या वर्षी फार तर खाली ढकललं असतं. आम्हाला ढकलायला खाली काही नव्हतंच. आमच्या खाली बॉक्स क्रिकेट.

तरी हळूहळू काहीतरी होत होतं. दिवाळीनंतर हवा जरा बरी झाली, सकाळी घाटकोपरपर्यंतचे डोंगर धुक्यात दिसेनासे व्हायला लागले आणि आमच्या फळीवरचं ठक्क कमी झालं. आधी अप्पांच्या लक्षात आलं. रबर शोधणारी पोरगी आता वेणी घट्ट घालून यायला लागली होती. मग एका रविवारी तन्वीकडे चक्क पास आला. सरांनी सीझनभर हवेत काढलेल्या रेघेवरून आला, आणि तन्वी घुसली, आणि पलीकडच्या फळीवर ठक्क झालं. आपल्या बाजूचं नसलं की तो आवाज किती गोड लागतो! अप्पा ‘अरे म्हाराजा!’ करून उभे राहिले आणि गुडघा धरून लगेच खाली बसले. तेवढा सामना जिंकलो. पुढचे दोन हरलो, पण घासून हरलो.

शेवटच्या रविवारी हिशेब सरळ होता. हरलो तर तळाला. बरोबरी झाली तरी एक टीम आमच्या खाली जाणार होती.

त्याच्या आदल्या शनिवारी जाऊ नये असं माझ्या मनात होतं. पण रीत ती रीत. गेलो. मॅच शून्य-शून्य चाललेली. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या गोलकीपरच्या बोटावर बॉल बसला आणि ती हात धरून बाहेर आली. रेश्मा उठली. मंजुळाताईंनी माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. पहिलाच बॉल आला, त्या पोरीने सुसाट पाय टाकला आणि तो बाहेर काढला. मग दुसरा. मग ती ओरडायला लागली. मागून सगळ्यांना नावं घेऊन घेऊन ओरडत होती, तू इकडे, तू तिकडे! आणि त्या उभ्या राहणाऱ्या पोरी धावायला लागल्या. शेवटी शेवटी शीतलने गोल मारला. जिंकल्या. मंजुळाताई पदरात तोंड घालून रडल्या आणि मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

बसमध्ये बसल्यावर मात्र तीच काळजी पुन्हा सुरू झाली. म्हणजे ती टीम जिंकू शकत होती. म्हणजे उद्या आपण हरलो तर माझी पोर मातीत, आणि त्या तिकडे टर्फवर नाचणार. मुलुंड आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, ‘घराक गेल्यावर कायएक बोलां नको.’

‘मी कशाला बोलतेय!’

रविवारी मी खुर्चीवर बसलेच नाही. तन्वीने लवकरच गोल मारला, समोरच्या टीमने मध्यंतरानंतर फेडला. मग खेळ नुसता आमच्याच बाजूला. धूळ एवढी की केतकीचा पिवळा शर्ट तेवढा दिसायचा. आणि अगदी शेवटी, अंपायर शिट्टी तोंडाला लावणार एवढ्यात, त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, म्हणजे डीतून गोलवर मारायची आयती संधी. मी जाळी दोन्ही हातांनी धरली. बॉल आला, केतकीच्या पॅडवर आपटून उडाला, परत आला. ती आडवी पडली, हातावर घेतला, तरी तो घरंगळत तिच्या मागे निघाला. फळी एवढीशी दूर होती. त्या वेणीवाल्या पोरीने कुठून तरी येऊन स्टिक घातली आणि बॉल पार रेघेबाहेर भिरकावला. शिट्टी. पुन्हा शिट्टी. संपलं!

मला खूप मोकळं वाटलं. दुसरा शब्द नाही. श्वास घेता येतो हे सीझनभरात पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. पोरी सरांना उचलायला धावल्या, ते काही उचलले जाईनात. अप्पा खुर्चीत बसून डोळे पुसत म्हणत होते, ‘माका उठव गो कोणीतरी, माका पण नाचाचा आसा.’

केतकी धावली नाही. ती गोलच्या खांबाला टेकून खाली बसली होती, हेल्मेट बाजूला, तोंड सगळं लाल मातीने भरलेलं. मी जाळीला वळसा घालून आत गेले आणि तिच्या पायाशी बसून पॅडचा पट्टा सोडायला लागले.

‘आई,’ ती हळूच म्हणाली, ‘काल त्या किती गोलांनी हरल्या?’

‘तूच म्हणाली होतीस ना, एक शब्द सांगायचा नाही?’

‘मी दर शनिवारी फोनवर स्कोअर बघायचे.’ ती माझ्याकडे बघत नव्हती. ‘त्या हरल्या की मला झोप लागायची. वाटायचं, आपलं चुकलं नाही. मला एवढी भीती वाटत होती ना आई, प्रत्येक मॅचला! काल तर बघायची हिंमतच झाली नाही.’

ही! दोनदा भात घेणारी, मला चिल कर सांगणारी माझी पोर! खोटं बोलणं अगदी सोपं होतं. हरल्या, एका गोलने हरल्या, झालं. पण तिचं ते मातीने माखलेलं तोंड बघून मला ते जमेना.

‘काल त्या जिंकल्या गं,’ मी म्हटलं. ‘गोलात रेश्मा होती, तुझ्या जागी घेतलेली, बाकावरची. शीतलने गोल मारला.’

मी पॅडचा दुसरा पट्टा सोडला.

‘रेश्माला खेळवलं?’

‘हो. खूप छान खेळली.’

‘बरं झालं,’ केतकी म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, ‘बरं झालं यार!’ आणि मातीचा हात पुढे केला. ‘तुझा फोन दे ना.’

मी दिला. नंबर तिला पाठच होता. ‘हॅलो, शीतल,’ एवढंच ती बोलली आणि सीझनभरात पहिल्यांदा रडायला लागली. पलीकडे शीतलही रडत होती, फोन माझ्या कानाला नव्हता तरी मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.